‘उद्यापासून येऊ नका’: नोकरीवरून काढताना कायदा काय बघतो

रात्री साडेनऊला बेल वाजली. दारात आमच्या मजल्यावरचा मुलगा उभा होता. चाकणला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात तो मशिन चालवतो. हातात प्लॅस्टिकचं फोल्डर, चेहरा उतरलेला. सकाळच्या पाळीला गेला तर गेटवर थंब लागेना. सिक्युरिटीवाल्याने एचआरकडे पाठवलं, एचआरने दोन कागद पुढे केले. पहिल्यावर एकच वाक्य होतं: ‘आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही.’ दुसरा राजीनाम्याचा, आधीच टाइप केलेला, फक्त सही बाकी. सही केली तर आठवड्यात हिशेब, नाही केली तर ‘बघू’. नोकरी सहा वर्षं सात महिने झालेली. चप्पल न काढताच त्याने विचारलं, “काका, हिशेब घेऊ का?”

मी आयुष्यभर टाइम ऑफिसात, म्हणजे कारखान्याच्या हजेरी खात्यात काम केलं. हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकलाय की त्याचं उत्तर एकदा नीट लिहून काढावं असं वाटलं. सध्या तर तो चाकण-भोसरीपुरता राहिलेला नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने जगभरातल्या आपल्या मनुष्यबळातले सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर लोक कमी करणार असल्याचं जाहीर केलं आणि हिंजवडीतल्या घराघरांत हीच चर्चा सुरू झाली. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा जाऊन त्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. ‘आता मालक कधीही, कसंही काढू शकतो’ असं त्यावर सर्रास बोललं जातं. ते खरं नाही.

काढता येतं, पण कसंही नाही

एसटीत तिकीट काढून बसलेल्या माणसाला कंडक्टर आडरानात उतरवू शकत नाही. गाडी बंद पडली तर पुढची सोय करावी लागते किंवा पैसे परत द्यावे लागतात. प्रवासी विनातिकीट असेल, दंगा करत असेल, तर आधी विचारपूस, मग दंड, मग उतरवणं. ‘मला वाटलं म्हणून उतरवलं’ हे कारण चालत नाही.

नोकरीचंही असंच आहे. कुणाला ठेवायचं आणि कुणाला नाही, हा अधिकार मालकाला आहे आणि कायदा तो काढून घेत नाही. पण काढण्याचे दरवाजे ठरलेले आहेत. ढोबळमानाने ते दोन. पहिला, माणसाने गैरवर्तन केलं म्हणून शिक्षा. त्याला बडतर्फी म्हणतात. दुसरा, माणसाचा दोष नाही पण कामच कमी झालं, मशिन बदललं, ऑर्डर गेली. त्याला कामगार कपात म्हणतात. आपल्याकडे ‘कमी केलं’ म्हणतात ते हेच.

कपातीची कायद्यातली व्याख्या फार रुंद आहे: शिक्षा सोडून ‘कोणत्याही कारणाने’ मालकाने नोकरी संपवली तर ती कपात. निवृत्ती, स्वेच्छानिवृत्ती, मुदतीच्या कराराची मुदत संपणं असे मोजके अपवाद आहेत. त्यामुळे आमच्या मजल्यावरच्या मुलाच्या कागदावरचं ‘आवश्यकता नाही’ हे वाक्य कितीही गुळमुळीत असलं तरी कायद्याच्या नजरेत ती कपातच ठरते, आणि कपात म्हटली की पैसे आले.

कपातीचे पैसे किती, आणि कधी

बहुतेक लोक इथेच फसतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला कमी करायचं तर एक महिन्याची लेखी, कारणासह नोटीस किंवा एक महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला १५ दिवसांचा सरासरी पगार, ही भरपाई. शेवटचं अपुरं वर्ष सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल तर तेही पूर्ण धरतात. नव्या संहितेने भर घातली ती पुनर्कौशल्य निधीची, म्हणजे काम गेलेल्याला नवं काम शिकता यावं म्हणूनच्या निधीची: मालकाने आणखी १५ दिवसांचा पगार त्या निधीत भरायचा आणि ती रक्कम कपातीनंतर ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. हे सगळं ग्रॅच्युइटीच्या वर.

आमच्या मुलाचा हिशेब वहीवर मांडला. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून ३० हजार. नोकरी सहा वर्षं सात महिने, म्हणजे सात वर्षं. नोटिशीचे ३० हजार. भरपाई १५ हजार गुणिले सात, १ लाख ५ हजार. पुनर्कौशल्य निधीचे १५ हजार. ग्रॅच्युइटीसाठी पगाराला २६ ने भागून १५ ने आणि मग सातने गुणायचं. ती साधारण १ लाख २१ हजार. बेरीज २ लाख ७१ हजारांच्या घरात. शिल्लक रजेचे पैसे, चालू महिन्याचा पगार आणि त्याचा स्वतःचा पीएफ वेगळा.

एचआरने तोंडी सांगितलेला आकडा होता १ लाख ४० हजार. राजीनामा दिला की नोटीस आणि भरपाई दोन्ही गळतात, उरते ग्रॅच्युइटी आणि रजा. ती सही कुणाला किती रुपयांना पडणार होती, ते वहीवर दिसत होतं.

हे पैसे नंतर ‘बघू’ म्हणून द्यायचे नसतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहात वॉर्डमध्ये काम करणाऱ्या दोघांना भरपाई न देता कमी केलं होतं. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६० मध्ये न्यायालयाने सांगितलं की भरपाई देणं ही कपातीच्या आधीची अट आहे. ती पाळली नाही तर कपातच बेकायदा. नव्या वेतन संहितेनुसार तर काढलं, कमी केलं किंवा राजीनामा दिला, काहीही झालं तरी देय वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकतं करायचं आहे.

कुणाला कमी करायचं यालाही क्रम आहे. त्या प्रकारच्या कामात जो शेवटी आला तो आधी जाणार. मालकाला हा क्रम मोडायचा असेल तर कारण नोंदवावं लागतं. आणि वर्षभरात त्याच कामाला पुन्हा माणसं घेतली तर कमी केलेल्यांना आधी विचारावं लागतं. म्हणून सुटल्यावरही कंपनीच्या गेटवरच्या भरतीच्या पाटीवर लक्ष ठेवा. त्या पाटीचा तारखेसह काढलेला फोटो कोर्टात उपयोगी पडतो.

गैरवर्तनाचा आरोप असेल तर

तेव्हा भरपाई नाही, पण चौकशी हवी. आधी लेखी आरोपपत्र: कोणत्या दिवशी, किती वाजता, काय केलं. मग उत्तराला वेळ. मग चौकशी अधिकारी, कंपनीचे साक्षीदार, त्यांची उलटतपासणी, कामगाराचे साक्षीदार, अहवाल. चौकशी होईतो निलंबित ठेवलं तर निर्वाहभत्ता मिळतो, पहिले ९० दिवस निम्मा पगार आणि नंतर, उशीर कामगारामुळे झाला नसेल तर, ७५ टक्के. दोन बायकांचं नळावर भांडण झालं तर चाळीतले लोकही दोघींचं ऐकून घेतात. कायद्याची अपेक्षा त्याहून मोठी नाही.

शिक्षा गुन्ह्याच्या मानाने आहे का, हेही कोर्ट बघतं. पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नका. पुण्यातल्या एका कारखान्यात ऑगस्ट १९८३ मध्ये एक हेल्पर सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. कंपनीने बडतर्फ केलं. कामगार न्यायालयाला ही शिक्षा फार जड वाटली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २००५ मध्ये बडतर्फी कायम केली, कारण त्याआधी तीन वेळा त्याच्यावर कारवाई झालेली होती. म्हणून मेमो आला की ‘असले कागद येतच असतात’ म्हणून खिशात कोंबू नका. प्रत्येक मेमोला लेखी उत्तर द्या आणि पोच घ्या. उत्तर न दिलेले मेमो दहा वर्षांनीही फाइलमधून बाहेर निघतात.

‘हे कामगारांचं झालं. मी तर इंजिनिअर’

हा गैरसमज सगळ्यात महाग पडतो, आणि तो शिकलेल्या लोकांतच जास्त. कायद्यातला ‘कामगार’ म्हणजे खाकी कपड्यातलाच माणूस नव्हे. अंगमेहनतीचं, कुशल, अकुशल, तांत्रिक, कारकुनी काम करणारा प्रत्येक जण त्यात येतो, आणि तांत्रिक कामाला पगाराची मर्यादा नाही. १८ हजार रुपयांची मर्यादा आहे ती फक्त देखरेखीचं काम करणाऱ्यांना. महिना लाखभर मिळवणारा पण दिवसभर कोड लिहिणारा किंवा टेस्टिंग करणारा माणूस कामगार ठरू शकतो. ओळखपत्रावर ‘मॅनेजर’ छापलं म्हणून तो मॅनेजर होत नाही. त्याच्या हाताखाली खरोखर माणसं आहेत का, तो त्यांची रजा मंजूर करतो का, कुणाला नेमू किंवा काढू शकतो का, हे कोर्ट तपासतं. आयटीतल्या माणसाने म्हणूनच आपण रोज नेमकं काय काम करतो याचा पुरावा जपावा: केआरए (ठरवून दिलेल्या जबाबदाऱ्यांची यादी), अप्रेझलचे फॉर्म, कामाचं वर्णन. कंपनीचा गोपनीय डेटा मात्र घरच्या मेलवर पाठवू नका. त्याने गैरवर्तनाचं आयतं कारण हाती दिल्यासारखं होतं.

बाहेर कोण राहतं? खरे व्यवस्थापक. त्यांचं भांडण कराराचं, दिवाणी कोर्टातलं, आणि तिथे सहसा नोटिशीच्या पगारापलीकडे फारसं काही हाती लागत नाही. शिक्षकही कामगारांत मोडत नाहीत. गोव्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच तसं सांगितलं. पण महाराष्ट्रातल्या खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांना १९७७ चा स्वतंत्र कायदा आणि शाळा न्यायाधिकरण आहे, आणि ते बऱ्यापैकी धारदार आहे. औषध कंपन्यांचे एमआर पूर्वी या व्याख्येबाहेर होते, नव्या संहितेने त्यांना आत घेतलं आहे.

‘पण राजीनामा तर मीच दिला’

बंद खोलीत एचआरची तिघं, समोर एकटा माणूस, फोन बाहेर ठेवायला लावलेला. ‘आत्ता राजीनामा दिलास तर अनुभवाचं पत्र चांगलं देऊ, नाहीतर टर्मिनेशन लिहू, मग पुढे व्हेरिफिकेशनला काय होतं ते बघ.’ अशा वेळी भलेभले सही करतात. त्यांना दोष देववत नाही.

राजीनामा म्हणजे स्वतःच्या इच्छेने नोकरी सोडणं. दबावाने घेतलेली सही हा राजीनामा नव्हे, ती मालकाने केलेली नोकरी समाप्तीच. पण दबाव होता हे सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर येते. आठ महिन्यांनी सांगितलं तर कोण ऐकणार? त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कंपनीला मेल करा: अमुक वाजता, अमुक खोलीत, अमुक जणांसमोर माझ्याकडून सही घेतली, ती माझ्या इच्छेविरुद्ध आहे, मी राजीनामा मागे घेतो, मी कामावर यायला तयार आहे. चार ओळी पुरतात, त्यावर तारीख मात्र हवीच.

कारखान्यात याचंच दुसरं रूप दिसतं. गेट बंद करायचं, लेखी काही द्यायचं नाही आणि पंधरा दिवसांनी ‘आपण विनापरवाना गैरहजर आहात’ असं पत्र घरी धाडायचं. कामगार म्हणतो मला काढलं, कंपनी म्हणते हाच आला नाही. गेट बंद झालं त्याच दिवशी स्पीड पोस्टाने कंपनीच्या पत्त्यावर पत्र टाका, प्रत लेबर ऑफिसला द्या, पावती जपून ठेवा.

टेंपररी, प्रोबेशन, कंत्राटी

बारा महिन्यांत २४० दिवस भरले की वर्षाची सलग नोकरी धरतात आणि कपातीचं संरक्षण लागू होतं. मोजताना फक्त हजेरीचे दिवस मोजायचे नाहीत. पगारी रविवार आणि सुट्ट्याही धरायच्या, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये स्पष्ट केलं आहे. सात महिने झाले की ‘ब्रेक’ देण्याची पद्धत याच २४० च्या भीतीने पडली. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात माणसांना वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरतं ठेवून कायमपणाच्या लाभांपासून वंचित ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. मुदतीच्या करारावर असाल तर मुदत संपल्यावर कपातीची भरपाई नाही, पण नव्या संहितेत एका वर्षाच्या नोकरीवरही ग्रॅच्युइटी मिळते.

प्रोबेशनवर हक्क पातळ असतात. काम समाधानकारक नाही म्हणून सोडता येतं. पण पत्रात चोरी, अफरातफर असा डाग लावला असेल तर चौकशी टाळता येत नाही. ‘कोणतंही कारण न देता काढता येईल’ हे नेमणूकपत्रातलं कलम कायद्याहून वरचढ नसतं, त्यावर सही केली असली तरीही. प्रसूती रजेवरच्या बाईला त्या काळात काढणं बेकायदाच आहे.

कंत्राटी कामगारांची अवस्था खरंच बिकट आहे. कागदावर मालक ठेकेदार असतो, आणि ‘खरा मालक कंपनीच’ हे आधी सिद्ध केल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही. कंपनीच्या सुपरवायझरचे सूचनांचे मेसेज, कंपनीचा गेटपास, कंपनीच्या खर्चाने झालेलं ट्रेनिंग, असं सगळं जमवत राहणं एवढंच त्यांच्या हातात असतं.

३०० चा आकडा

कारखाना, खाण किंवा मळा असेल आणि तिथे ३०० किंवा जास्त कामगार असतील तर कपातीआधी सरकारची परवानगी लागते. हा आकडा १९७६ मध्ये ३०० होता, पुढच्या दुरुस्तीने १०० वर आला, आता परत ३०० झाला. शंभर ते तीनशेच्या मधल्या कारखान्यांतल्या कामगारांनी एक मोठी ढाल गमावली आहे आणि मला हा बदल चुकीचा वाटतो. पण गेली ती परवानगीची अट. नोटीस, भरपाई, चौकशी हे सगळं छोट्या कारखान्यालाही आहे. आणि आयटीच्या कार्यालयांना ही परवानगीची अट आधीही नव्हती.

कुठे जायचं, किती दिवसांत

महाराष्ट्रात दोन वाटा आहेत. एक, लेबर ऑफिसला तक्रार. तिथला अधिकारी दोन्ही बाजूंना बोलावून समेटाचा प्रयत्न करतो; ४५ दिवसांत तो व्हायला हवा. नाही झाला तर त्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जाता येतं. काढल्यापासून दोन वर्षं उलटली तर ही वाट बंद. जुन्या कायद्यात तीन वर्षं होती, हे जुन्या जाणकारांकडून सल्ला घेताना लक्षात असू द्या.

दुसरी वाट राज्याच्या १९७१ च्या कायद्याची. सूडबुद्धीने, खोट्या आरोपावर, चौकशीची थट्टा करून काढलं असेल तर अनुचित कामगार प्रथेची तक्रार थेट कामगार न्यायालयात करता येते, आणि तिथे अंतरिम आदेशही मागता येतो. मुदत ९० दिवस. सबळ कारणाने उशीर माफ होतो, पण त्या भरवशावर राहू नये. एकाच गोष्टीसाठी दोन्ही वाटांनी एकदम जाता येत नाही, म्हणून निवड वकिलाशी बोलून करा. औद्योगिक कामगाराला आणि कोणत्याही स्त्रीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात असतं. फारच थोडे लोक तिथवर पोचतात.

‘केस वर्षानुवर्षं चालते. शेवटी मिळतं काय?’

वेळ लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. झोपलेल्या हेल्परची गोष्ट बावीस वर्षांनी संपली. पण बहुतेक भांडणं तिथवर जात नाहीत. लेबर ऑफिसच्या दुसऱ्या-तिसऱ्या तारखेलाच, समोर नीट मांडलेला हिशेब आणि तारखा बघून, कंपनीची माणसं बोलायला तयार झालेली मी पाहिली आहेत.

जिंकल्यावर मिळतं ते नोकरीवर परत घेण्याचा आदेश आणि मधल्या काळाचा पगार. औरंगाबादच्या एका शिक्षिकेला शाळेने काढलं, तेव्हा शाळा न्यायाधिकरणाने दोन्ही दिलं, उच्च न्यायालयाने मधला पगार काढून घेतला, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला. बेकायदा काढलं असेल तर मधला पगार मिळणं हा सर्वसाधारण नियम, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं. त्यासाठी ‘या काळात मला दुसरी कमाई नव्हती’ हे अर्जातच लिहावं लागतं. म्हणून दुसरी नोकरी करायचीच नाही का? जरूर करा. पोट थांबत नाही. मधला पगार त्या मानाने कमी होईल, पण काढणं बेकायदा होतं हा मुद्दा मरत नाही. रोजंदारीवरच्यांना मात्र हल्ली कोर्टं नोकरीऐवजी बऱ्याचदा ठोक रक्कम देतात, ही तयारी मनात असावी.

हिशेब घ्यायचा की नाही

आमच्या मुलाने त्या रात्री माझ्यासमोर मोबाइलवर मेल लिहिला: मी राजीनामा दिलेला नाही, देणार नाही, कामावर यायला तयार आहे. सकाळी तोच मजकूर कागदावर लिहून पोस्टात गेला. बायकोच्या सांगण्यावरून पावतीची झेरॉक्स काढून घेतली, कारण त्या पावत्यांची शाई महिन्या-दोन महिन्यांत उडते.

चार दिवसांनी कंपनीने पुन्हा बोलावलं. या वेळी राजीनाम्याचा कागद नव्हता, हिशेबाचं पत्रक आणि चेक होता. नोटिशीचा पगार आणि भरपाई दोन्ही आत आले होते. ग्रॅच्युइटी पाच वर्षांचीच धरली होती आणि पुनर्कौशल्य निधीचा उल्लेख नव्हता. खाली छापलं होतं, ‘माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही.’ त्याने ती ओळ खोडली, सही केली आणि सहीच्या वर आपल्या अक्षरात लिहिलं, ‘हक्क राखून, निषेधासह स्वीकारले.’ खाली तारीख घातली आणि दुसरी प्रत मागून घेतली.